गाडी विकली, पैसे आले, आरसीवर नाव मात्र अण्णांचंच

जुनी गाडी डीलरला विकायचा विचार असेल, तर पैसे खात्यात जमा झाले म्हणजे व्यवहार संपला असं कृपा करून धरू नका. माझ्या वडिलांच्या बाबतीत काय घडलं ते सविस्तर लिहितोय. ज्या पद्धतीनं त्यांना फसवलं, ती गावोगाव सर्रास चालते.

अण्णांची २०१२ची वॅगनआर, सांगली पासिंग, एकहाती वापरलेली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं बंद केलं आणि विकायचं ठरवलं. जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणारा एक जण घरी आला, गाडी फिरवून बघितली, १ लाख ८५ हजारांना सौदा ठरला. माणूस बोलायला अतिशय नम्र. "काका, या वयात तुम्ही कशाला आरटीओच्या पायऱ्या चढता? आमचा माणूस रोज तिथंच असतो. आठ दिवसांत नाव बदलून आरसीची झेरॉक्स तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो." त्यानं १ लाख ७० हजार तिथल्या तिथं बँकेतून पाठवले. उरलेले १५ हजार म्हणे "होल्ड". नाव बदललं की लगेच देणार, सगळीकडे अशीच पद्धत आहे.

मग बॅगेतून फॉर्मचा गठ्ठा निघाला. धंद्यातले लोक त्याला टीटीओचा सेट म्हणतात, म्हणजे मालकी बदलण्याचे कागद. त्यात फॉर्म २९ म्हणजे गाडी दुसऱ्याला दिल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे मालकी बदलण्याचा अर्ज. पेन्सिलीनं जिथं जिथं फुली मारली होती तिथं अण्णांनी सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख हे सगळे रकाने कोरे होते. विचारल्यावर उत्तर तयार होतं, "ते ऑफिसात टाइप करून घेतो, हातानं लिहिलेलं आरटीओत चालत नाही." हे साफ खोटं आहे. हातानं भरलेले फॉर्म चालतात. रकाने कोरे ठेवण्यामागचं खरं कारण वेगळंच असतं.

डीलरनं गाडी स्वतःच्या नावावर केली, तर कागदोपत्री एक मालक वाढतो आणि "फर्स्ट ओनर" गाडीची "सेकंड ओनर" होऊन तिचा भाव उतरतो. शिवाय नाव बदलायची फी आणि एजंटचा खर्च येतो तो वेगळाच. म्हणून मूळ मालकाच्या सह्या असलेला कोरा सेट गाडीबरोबर या डीलरकडून त्या डीलरकडे फिरत राहतो. रस्त्यावर गाडी कुणीही चालवो, सरकारदरबारी मालक तुम्हीच. यात डीलरच्या खिशाला काही लागत नाही. सगळी जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावर बसते, आणि हे त्याला कुणी सांगत नाही.

गाडी गेली त्याच संध्याकाळी अण्णांच्या फोनवर फास्टॅगचे मेसेज यायला लागले. आधी तासवडे, मग आनेवाडी, मग खेड शिवापूर. गाडी पुण्याकडे चालली होती आणि टोल अण्णांच्या खात्यातून कापला जात होता. डीलरला फोन केला तर म्हणाला, "पार्टीला दाखवायला नेलीय, पैसे देतो." फास्टॅग आम्ही दुसऱ्या दिवशी बँकेला कळवून बंद केला. आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. कधी सर्व्हर डाउन, कधी साहेब रजेवर, कधी पार्टीचं आधार अपडेट नाही. पुढंपुढं तर त्यानं फोन उचलणंच सोडलं.

मग ई-चलान आलं, पुण्यातला सिग्नल तोडल्याचं. चलानसोबत फोटो येतो. त्यात मागच्या काचेवरचं अण्णांनीच लावलेलं गणपतीचं स्टिकर आणि आमच्या गेटला घासून गेलेला बंपरचा डावा कोपरा स्पष्ट दिसत होता. गाडी चालवणारा कोण, ते मात्र दिसत नव्हतं.

पावसाळ्यात पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. त्या गाडीनं एका दुचाकीस्वाराला धडक दिली होती आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं. मधल्या काळात विमा संपला होता आणि कुणी भरलाच नव्हता. पोलिसांनी गाडीचा नंबर टाकला, त्यांना अण्णांचं नाव दिसलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला "तुमच्या गाडीनं अपघात केलाय" असं फोनवर ऐकवलं गेलं. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

पोलिसांचं यात चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. गाडी विकली गेली, पुढे आणखी काही हातांतून फिरली, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली आणि मग अपघात झाला. न्यायालयानं नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. जखमी माणसानं किंवा त्याच्या घरच्यांनी कोरे फॉर्म घेऊन एकेका खरेदीदाराच्या मागं धावावं अशी अपेक्षा करता येत नाही, हा न्यायालयाचा विचार मला पटतो. आमच्यावर वेळ आली तरी पटतो. म्हणूनच डीलरचा संताप जास्त येतो.

आमच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, बँकेतली जमा नोंद. दुसरी, गाडी नेताना अण्णांनी हट्टानं लिहून घेतलेली डिलिव्हरी नोट. तिच्यावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि नेणाऱ्याची सही आहे. त्या कागदावरून पोलीस डीलरपर्यंत आणि डीलरवरून गाडी वापरणाऱ्यापर्यंत पोचले. तो एका हॉटेलात काम करणारा तरुण मुलगा निघाला. त्यानं पूर्ण पैसे मोजून गाडी घेतली होती आणि "आठ दिवसांत नावावर करून देतो" हेच वाक्य ऐकून तोही महिनोन्‌महिने वाट बघत होता. त्याच्याकडे तर साधी पावतीसुद्धा नव्हती.

जखमी माणसाचा भरपाईचा दावा आता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आहे. त्यात अण्णांचं नाव आहे. आमच्या वकिलांनी डीलरलाही पक्षकार करायला अर्ज दिलाय. १५ हजार बुडाले, पण त्यांचा विचार आता आमच्या घरात कुणी करत नाही.

विकणाऱ्यांनी एवढं तरी कराच. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख डोळ्यांसमोर भरल्याशिवाय सही करू नका, आणि भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून ठेवा. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे, म्हणून ते डीलरच्या "माणसावर" सोडू नका. स्वतः अर्ज करा आणि पोच घ्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी ची ऑनलाइन सूचना दाखल होते आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. प्राधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याला गाडी देऊ नका. आमच्या डीलरकडे ते नव्हतंच, हे आम्हाला आरटीओत कळलं.

मोबाइलवर आलेला ओटीपी कुठल्या अर्जासाठी आहे ते वाचल्याशिवाय सांगू नका. फास्टॅग गाडी देण्याआधीच बंद करा. विमा कंपनीला विक्री कळवा आणि नो क्लेम बोनसचं, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या. तो बोनस तुमचा असतो, पुढच्या गाडीला वापरता येतो.

आणि गेल्या काही वर्षांत गाडी किंवा स्कूटर विकली असेल, तर एम-परिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून बघा. नाव पूर्ण दिसत नाही, पण आपलं नाव आपल्याला ओळखू येतं. तुमचंच असेल, तर विक्रीचे असतील नसतील ते सगळे पुरावे घेऊन याच आठवड्यात आरटीओत लेखी अर्ज द्या, आणि त्या गाडीचा विमा चालू आहे का तेही त्याच ॲपवर तपासा.