‘शारदा’ की ‘एकच प्याला’: पात्रांना विनोद कुठे अधिक खोली देतो?

आमच्या हौशी नाट्यमंडळाने देवलांचे ‘शारदा’ (१८९९) आणि गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) ही दोन्ही नाटके संकलित करून सादर केली आहेत. त्यांपैकी एकच पुन्हा करायचे ठरले, तेव्हा निवड माझ्याकडे आली. कथानके वाचकांना ठाऊक असतीलच. म्हणून विनोद पात्रांसाठी काय करतो, एवढ्यापुरतेच लिहितो.

‘एकच प्याला’तल्या तळीरामाचे सामर्थ्य आधी मान्य केले पाहिजे. वकिलीची सनद तात्पुरती रद्द झाल्यामुळे अपमानाने पोळलेल्या सुधाकराला तो दारूकडे ओढतो, पण त्याच्या बोलण्यात इतकी गंमत असते की प्रेक्षागृहही हसून मान डोलावते. सुधाकर पहिला प्याला का उचलतो, हे त्या हशामुळेच आपल्याला आतून कळते, कारण क्षणभर आपणही तळीरामाच्या बाजूला गेलेलो असतो. इतका धोकादायक विनोद ‘शारदा’त मला कुठेही सापडला नाही.

माझी अडचण झाली ती आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे नाटकातल्या मद्यप्यांच्या मंडळाच्या, प्रवेशांत. वेळ आवरण्यासाठी आम्ही तिथल्या कोट्या कापायला बसलो. प्रत्येक तालमीत चार-दोन वाक्ये गळत गेली, कधी एकाच्या तोंडची दुसऱ्याला दिली गेली, आणि तरीही मंडळातल्या एकाही मद्यप्याचे काही बिघडले नाही. ती वाक्ये बुद्धिमान होती, टाळी घेणारी होती, पण ती पात्रांची नसून गडकऱ्यांची होती, असे मला तेव्हा तीव्रतेने जाणवले. प्रयोगातही तो हशा इतका रेंगाळला की सुधाकराची पत्नी सिंधू हिचा पुढचा प्रवेश सुरू झाल्यावर तिच्या पहिल्या वाक्यांकडे कोणाचे लक्षच नव्हते. हा दोष आमच्या बसवणुकीचाही असू शकेल. परंतु ती बोच गेली नाही.

‘शारदा’ला कात्री लावताना अनुभव अगदी उलटा आला. शारदेच्या दुःखापर्यंत लवकर पोहोचावे म्हणून तिच्याशी लग्न करू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ आणि त्याचे लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित यांच्यातील खुशामतीची बोलणी आम्ही निम्मी केली, तेव्हा भुजंगनाथ एक साधा दुष्ट म्हातारा होऊन बसला. तो स्वतःला खरोखरच लग्नाजोगा समजतो, म्हणून हसू येते. आणि तो हे इतक्या भाबडेपणाने समजतो म्हणूनच त्याच्या हाती पडणाऱ्या मुलीची काळजी वाटू लागते. मैत्रिणींनी पाऊणशे वयमानाच्या नवरदेवाची थट्टा केली की प्रेक्षक खळखळून हसतात, पण ज्या मुलीला त्याच नवरदेवाशी संसार करायचा आहे ती तिथेच उभी असते. एकाच विनोदाने म्हाताऱ्याची हौसही उघडी पडते आणि शारदेचे एकटेपणही. पुढे ती ‘मूर्तिमंत भीति उभी’ गाऊ लागते, तेव्हा आधी हसलेले प्रेक्षक अधिक शांत होतात, असे मी प्रत्येक प्रयोगात पाहिले. कापलेली बोलणी आम्ही तिसऱ्या तालमीतच परत घेतली.

तळीराम पेलणारा असामान्य नट हाताशी असेल, तर ‘एकच प्याला’ घेऊ नका असे मी म्हणणार नाही. तसा नट नसेल, तर माझा कौल ‘शारदा’ला आहे, फक्त भुजंगनाथ अशा नटाला द्यावा, जो हशाची वाट न पाहता आपल्या तारुण्यावर मनापासून विश्वास ठेवील.