मोत्याची कालवं: पारावरची घ्यावीत की हॅचरीची?

मन्नारच्या आखातात, तुतुकुडीच्या बाजूला मोत्यांची शेती करायचं मनात असेल, तर पहिला पेच कालवांचा. समुद्रतळाच्या खडकाळ ‘पारां’वरची आणायची की हॅचरीतली, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातली?

पारावरचं कालव आयतं वाढलेलं मिळतं, त्यात केंद्रक (ज्याभोवती मोती घडतो तो मणी) लगेच बसवता येतं. हॅचरीचं पिल्लू त्या मापाचं होईपर्यंत वर्षभर तरी सांभाळावं लागतं. घाई असलेल्याला पहिलाच पर्याय पटतो.

पण घेण्याआधी कालव हातात धरून त्याची पाठ नीट बघा. टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, त्यांत नारिंगी-पिवळे ठिपके असले, की आत क्लिओना जातीचा स्पंज (एक साधा समुद्री प्राणी) आहे असं समजा. तो कालवाचं मांस खात नाही, शिंपला पोखरतो. त्याच्या पेशी चुन्याचे कण कोरून बाहेर टाकतात आणि शिंपल्यात बोगद्यांचं जाळं होतं. भोक आतल्या बाजूला पोचलं की कालव त्यावर मोतिया थर चढवून ते बुजवतं. जी ताकद मोत्याला लागायची, ती अशी डागडुजीत जाते. शेवटी बिजागरीजवळचा भाग नखाने दाबला तरी भुगा होतो. जुन्या कालवांत हे जास्त, आणि पारावरच्या कालवाचं वय तुम्हाला कोण सांगणार?

ही कीड नवी नाही. श्रीलंकेच्या मोती-कालवांतला असा एक स्पंज १९०५ मध्येच शास्त्रात नोंदला गेला. हॅचरीचा पर्यायही तसा नवा नाही. तुतुकुडीच्या पारांवरची शेवटची मोठी मोतीवेच (मोत्यांसाठी कालवं काढणं) १९६१ ची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथे १९७३ मध्ये संवर्धित मोती घडवला आणि १९८१ मध्ये हॅचरीत पिल्लंही तयार केली.

हॅचरीचं पिल्लू निरोगी येतं, पण समुद्रात टांगल्यावर त्यालाही स्पंज लागू शकतो. फरक एवढाच की वय ठाऊक असतं, आणि पाठ ठरावीक दिवसांनी घासून साफ ठेवता येते.

माझं मत हॅचरीच्या बाजूचं आहे. आधीच पोखरलेल्या पारांवरून धडधाकट कालवं उचलली, तर पुढची वीण कशी व्हायची? प्रजननासाठी थोडी निवडक हवीतच, तीही परवानगी काढून. लागण झालेली मात्र वेगळ्या टोपलीत ठेवा. शिंपल्यावर १ टक्का फॉर्मॅलिन ब्रशने लावतात, पण हातमोजे घालूनच. आणि खरवडलेला स्पंज पिंजऱ्याखालच्या पाण्यात टाकू नका, त्याच्या तुकड्यापासूनही नवा स्पंज वाढतो.