एचएलए-बी२७ची तपासणी आणि नंतरची २० मिनिटं

ह्यांची पाठ चार वर्षं दुखत होती. पहाटे उठताना भिंत धरावी लागायची, अन् टॉवेलच्या कारखान्यात मागांमधून दोन तास हिंडले की मोकळी व्हायची. एका ठिकाणी 'मणक्यात गॅप' म्हणून पट्टा बांधायला आणि पडून राहायला सांगितलं. पडून राहिल्यानं दुखणं वाढलंच. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी एचएलए-बी२७ ही एका जनुकाची रक्ततपासणी लिहून दिली. आम्ही सात रस्त्याजवळच्या एका लहान लॅबमध्ये गेलो.

लॅब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडाही नाही. कंबर आखडलेल्या माणसानं चढायचं कसं? बाकी काम चोख. उपाशीपोटी बोलावलं नाही, जांभळ्या टोपणाच्या एकाच नळीत रक्त घेतलं, पैसे आधी सांगितले. रिपोर्ट मात्र दोन दिवस उशिरा, तोही सगळा इंग्रजीत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पॉझिटिव्ह' वाचलं आणि माझे हातपायच गळाले. घरात तीन वर्षांची लेक आहे.

पाच स्टार देतेय ते पुढच्या २० मिनिटांसाठी. लॅबच्या मॅडमनी आत बसवून घेतलं. म्हणाल्या, या जनुकाचा मणका आखडवणाऱ्या संधिवाताशी (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस) संबंध १९७३ सालीच सापडलाय, पण ते असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. निदान डॉक्टर लक्षणं आणि एमआरआय बघून करतील, नुसत्या या कागदावर नाही.

मग ह्यांना विचारलं, "तुम्ही पार्टीला टॉवेलचा नमुना दाखवता ना? पेशीसुद्धा आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर धरून रोगाशी लढणाऱ्या पेशींना दाखवते. बी२७ म्हणजे तो नमुना धरणारा हात." एचआयव्हीचा एक तुकडा हा हात असा पकडतो, की सुटण्यासाठी तो तुकडा बदलायला गेला तर विषाणूच लंगडा पडतो. म्हणून बी२७ असणाऱ्यांमध्ये तो आजार सहसा हळू वाढतो. हेपटायटिस सी आपोआप बरा होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. तोच हात मणक्यावर का उलटतो, हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उकललेलं नाही.

हे इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हणजे आमच्या घराण्यात नुसती खोटच नाही आली."

लेकीची तपासणी? तिच्यात जनुक उतरण्याची शक्यता निम्मी, पण आत्ता करू नका म्हणाल्या. पुढं कधी सकाळी पाठ आखडली किंवा डोळा लाल होऊन दुखला, तर लगेच दाखवा.

मॅडम, हेच सगळं एका मराठी कागदावर छापून रिपोर्टला जोडा. आणि तेवढा कठडा बसवून घ्या.