पद्मिनीच्या सीटचं काम आणि कव्हरखालची चोरी

जुन्या गाडीच्या सीटचं काम करून घेताना आपण रेक्झिनचा रंग बघतो, शिलाई बघतो, पायपिंग सरळ आलंय का ते बघतो. चोरी होते ती कव्हरच्या खाली, काम झाल्यावर जिथे कुणाचाच हात पोचत नाही तिथे. आमच्याकडे तशी झाली. ठाण्यात आणि पलीकडे नवी मुंबईत घरच्या घरी जुन्या गाड्या चालत्या करणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी बाबांची, १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटला हे नाव त्याच वर्षी मिळालं, म्हणजे आमची गाडी त्या नावाच्या अगदी पहिल्या खेपेतली. पाचपाखाडीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली होती. इंजिन, ब्रेक, वायरिंग दादाने आणि मी मिळून केलं. पत्रा आणि रंग बाहेरून करून घेतला. शेवटी सीट राहिल्या.

सीट आतून कशी असते ते आधी सांगते, कारण त्याशिवाय फसवणूक कळणार नाही. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे आमची पुढची सीट सलग बाकाची आहे. आत लोखंडी फ्रेम. फ्रेममध्ये कॉइल स्प्रिंगांचं जाळं, त्यावर किंतान, किंतानावर काथ्याचा थर, वर कापूस आणि मग रेक्झिन. पन्नास वर्षांत रेक्झिन तडकलं होतं, कापसाचे गोळे झाले होते, काथ्याचा भुसा पायाशी सांडायचा. स्प्रिंगा मात्र जिवंत होत्या. हाताने दाबून सोडलं की सीट लगेच वर यायची. फ्रेमला एकच जुनी दुरुस्ती होती. ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा पाय रुळावर बसतो तिथे ऐंशीच्या दशकात तडा गेला होता. बाबांनी तो पितळ वितळवून जोडून घेतला होता, गॅरेजवाले त्याला ब्रेझिंग म्हणतात. काळ्या लोखंडावर बोटाच्या पेराएवढा, पिवळा, जरा ओबडधोबड जोड. सीट काढताना दादाने सगळ्या बाजूंनी फोटो काढले, त्यात हा जोडही आला.

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात काम दिलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. गाळा नीटनेटका, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, बोलणं अत्यंत गोड. दोन्ही सीट आणि दरवाज्यांची पॅड मिळून ४६,००० रुपये ठरले. कागदावर लिहून घेतलं: फोम ४० डेन्सिटीचा, रेक्झिन आम्ही पसंत केलेल्या नमुन्याचं, फ्रेम आणि स्प्रिंगा आमच्याच. नमुन्याचा एक तुकडा कापून घेऊन आम्ही घरी ठेवला. अर्धे पैसे आगाऊ दिले.

त्यानंतर फोन सुरू झाले. आधी म्हणे स्प्रिंगा गंजून गेल्यात, नव्या टाकाव्या लागतील, साडेसहा हजार जास्तीचे. व्हॉट्सॲपवर फोटो आला तो नागमोडी, झिगझॅग स्प्रिंगांचा. आमच्या सीटमध्ये तशी एकही स्प्रिंग नव्हती. विचारलं तर, "चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो आला, ताई." स्प्रिंगा बदलायच्या नाहीत, असं आम्ही लेखी कळवलं. मग फ्रेमला पावडर कोटिंग करायलाच हवं म्हणून आणखी चार हजार. ते दिले, कारण इथल्या पावसात उघडं लोखंड टिकत नाही हे खरंच आहे.

तिसरी मागणी मात्र ऐकून ठेवा, कारण ती तुमच्याकडेही होईल. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर सीट मूळच्याच असल्याचा दाखला लागतो, तो आम्ही आठ हजारांत देतो, असं सांगण्यात आलं. असा दाखला कुठेही लागत नाही. केंद्राचे याबाबतचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते. अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत विम्याचे आणि जुन्या नोंदणीचे कागद, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. सीटच्या दाखल्याचा त्यात उल्लेखही नाही. आम्ही साफ नकार दिला, तेव्हा आवाजातला गोडवा पहिल्यांदा कमी झाला.

सीट आल्या तेव्हा बघणाऱ्याने वाहवा करावी अशा दिसत होत्या. मरून रेक्झिन, पांढरी पायपिंग, चुण्या एकसारख्या. बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. दादाने त्यांना हात धरून स्टिअरिंगमागे बसवलं. ते थोडे मागेपुढे सरकले आणि म्हणाले, "ही आपली सीट नाही." आम्ही म्हटलं, नवीन आहे म्हणून वेगळी वाटतेय. "नवी-जुनी मला कळतं रे. ही खाली बसतेय आणि खालीच राहतेय."

उपवनपर्यंत एक फेरी मारली. प्रत्येक स्पीडब्रेकरला सीट तळाला टेकत होती आणि फ्रेमचा आडवा दांडा मांडीला लागत होता. कोपऱ्यांवर रेक्झिनला सुरकुत्या दिसू लागल्या. मग सीट काढून पार्किंगमध्ये उलटी ठेवली.

चांगला कुशनवाला कव्हर खालून लोखंडी रिंगा मारून ओढून बसवतो. पकडीने रिंगा काढल्या की कव्हर न फाटता निघतं, उद्या दुरुस्ती करायची तर करता येते. इथे सगळीकडे सोल्यूशन फासून कव्हर चिकटवून टाकलं होतं. ही आता मला सगळ्यात मोठी खूण वाटते. कुणी उघडून बघू नये असं वाटणारा माणूसच असं चिकटवतो. आम्ही सुरीने कापलं.

कडेला चार बोटं रुंदीची पट्टी चांगल्या, घट्ट फोमची, बाहेरून अंगठ्याने दाबून बघणाऱ्यासाठी. मधे सगळा हलका, पांढरा फोम, तोही तुकडे जोडून केलेला. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन, त्यामुळे ती घरी तपासता येते. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच ठोकळा कापायचा. ४० डेन्सिटीचा फोम असेल तर ठोकळ्याचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. थर पातळ असेल तर पाच सेंटिमीटर उंचीचे दोन तुकडे एकत्र ठेवून तोला. आमचा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर १८ ग्रॅम भरला. दादाने काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला. १८ च.

काथ्या नाही, किंतान नाही. खाली झिगझॅग स्प्रिंगा, त्याच, व्हॉट्सॲपवर "चुकून" आलेल्या. रेक्झिनचा आम्ही जपलेला तुकडा शेजारी धरला. वरून रंग आणि दाणा हुबेहूब. उलटं केल्यावर फरक दिसला. नमुन्याच्या पाठीला विणलेलं, बनियनसारखं ताणलं जाणारं कापड होतं. लावलेल्या रेक्झिनच्या पाठीला साधं मागावरचं कापड, जे ताणलंच जात नाही. गाडीच्या सीटला गोलाई असते, म्हणून तिथे ताणणारं रेक्झिन लागतं. हे घरच्या खुर्च्यांना लावायचं होतं, सुरकुत्या येणारच.

आणि मागच्या पायाला पितळी जोड नव्हता. गुळगुळीत काळं पावडर कोटिंग, कुठे खरवडल्याची खूणही नाही. त्या जागचं कोटिंग आम्ही कानशीने घासून काढलं. खाली अखंड पोलाद. फ्रेमच दुसरी होती.

बाकी सगळं पैशात भरून निघतं. फ्रेम निघत नाही. त्यामुळे त्या क्षणी आलेला संताप अजून उतरलेला नाही. बाबा खुर्चीवर बसून हे बघत होते. एवढंच म्हणाले, "तो जोड मी समोर उभा राहून घालून घेतला होता."

गाळ्यावर गेलो तर उडवाउडवी सुरू. "सँडब्लास्ट केल्यावर सगळ्या फ्रेम सारख्याच दिसतात, ताई." पितळ आतपर्यंत भरलेलं असतं, सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, ते जात नाही, असं दादाने सांगितल्यावर कामगारावर ढकललं, कामगार गावी गेलेला. फोटो दाखवले तर फोटो आमच्याच गाडीचे कशावरून? शेवटी सरळ कानांवर हात ठेवले.

मूळ फ्रेमचं त्याला काय करायचं असेल, हे मला पुढे कळव्याच्या एका जुन्या कुशनवाल्या काकांनी समजावलं. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या मोडीतून फ्रेम मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची मुदत संपून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या आणि तो झरा आटला. आता स्प्रिंगा शाबूत असलेली मूळ बाकाची फ्रेम हवी असणारे आपल्यासारखेच हौशी लोक. आमची फ्रेम अशाच कुणाला विकली गेली असणार. काकांच्या म्हणण्यानुसार रेक्झिन आणि फोममध्ये मारलेले पैसे किरकोळ, खरी कमाई त्या फ्रेममध्ये.

आम्ही वकिलामार्फत नोटीस धाडली. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. नोटीस पोचल्यावर १८,००० रुपये परत आले, फ्रेमबद्दल अवाक्षर नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती करायला हवी. फ्रेमसाठी पोलिसांकडे वेगळा अर्ज दिला आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, फसवणुकीचं कलम ३१८ वेगळं. आमच्या हातात ठरावाचा कागद, पैसे दिल्याच्या नोंदी, स्प्रिंगा बदलू नका असा लेखी निरोप आणि जोडाचे फोटो आहेत. यातला एकही कागद कमी असता तर नोटिशीला उत्तरसुद्धा आलं नसतं, असं वकिलीणबाईंचं स्पष्ट मत आहे.

सीट नंतर त्या कळव्याच्या काकांनीच केल्या, आमच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून. फ्रेम कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मिळाली, कॉइल स्प्रिंगांची, एका बाजूने गंजलेली, तरी कामाची. त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. किंतान बांधून झालं की थांबायचे आणि बाबांना वर बसवायचे. काथ्या घातला, पुन्हा बसवलं. फोमचा पातळ थर दिला, पुन्हा. "कव्हर चढायच्या आधी मालकाने बसून बघायलाच पाहिजे. नंतर काय बघणार?" असं म्हणत त्यांनी रिंगा मारायला पकड उचलली. तुमचा कारागीर याला तयार नसेल, किंवा कव्हर चढवायच्या दिवशी तुम्ही समोर नको असाल, तर सीट तशाच उचलून घरी आणा. आणि देण्यापूर्वी फ्रेमच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला छिन्नीने एखादी खूण मारून तिचा फोटो घ्या. सगळ्यांच्याच फ्रेमला जुना पितळी जोड नसतो.

ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईत कुणी अलीकडे पद्मिनीची जुनी बाकाची फ्रेम विकत घेतली असेल, तर ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा पाय रुळावर बसतो ती जागा एकदा घासून बघा. पितळ दिसलं तर फ्रेम कुणाकडून घेतली तेवढं कृपया कळवा. तुम्ही मोजलेली किंमत आम्ही देऊ.