‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’: एका नियमित वाचकाचे परीक्षण

गेली अनेक वर्षे मी ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ हे त्रैमासिक नियमाने वाचतो आहे आणि त्यातील शोधनिबंध पदव्युत्तर वर्गात शिकवतो आहे. आपल्याकडे या त्रैमासिकाविषयी जे बोलले जाते ते बहुतांशी त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरविषयी, म्हणजे त्यातील निबंधांचे संदर्भ इतर संशोधक सरासरी किती वेळा देतात हे सांगणाऱ्या आकड्याविषयी असते. त्यात काय छापले जाते, कोणत्या प्रश्नांना जागा मिळते आणि त्यातील निबंधांना मिळणारे हे संदर्भ, म्हणजेच उद्धरणे, नेमकी कशाची साक्ष देतात, याची चर्चा क्वचितच होते. मला हा क्रम उलटा वाटतो, म्हणून आकड्याकडे वळण्याआधी मजकुराबद्दल लिहितो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातून संपादित होणारे हे त्रैमासिक १८८६ साली सुरू झाले आणि इंग्रजीतील अर्थशास्त्राच्या व्यावसायिक नियतकालिकांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. सध्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस ते फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत प्रसिद्ध करते, आणि वर्षभराचे निबंध मोजले तर ते साधारण चाळीसच्या आसपास भरतात. विसाव्या शतकात त्याचा भर सिद्धांतावर होता. आर्थिक वाढीचे जे प्रारूप आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, तो रॉबर्ट सोलो यांचा निबंध १९५६ साली इथेच आला. त्याहून बोलके उदाहरण माहितीच्या असमतोलाचे, म्हणजे व्यवहारातील एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त ठाऊक असण्याचे आहे. जुन्या मोटारींच्या बाजारावरील जॉर्ज अकेरलॉफ यांचा निबंध तीन मातब्बर नियतकालिकांनी नाकारल्यानंतर १९७० साली या त्रैमासिकाने छापला. १९७३ साली मायकेल स्पेन्स यांचा शिक्षण आणि नोकरी यांच्यातील संकेतांवरील निबंध आला आणि १९७६ साली विमाबाजारावरील रॉथशिल्ड व स्टिग्लिट्झ यांचा. अकेरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जिथे बाकीच्यांना काही विशेष दिसले नाही तिथे संपादकांना काहीतरी दिसले, ही या त्रैमासिकाची खरी मिळकत आहे, आणि ती कोणत्याही आकड्यात मावत नाही.

गेल्या तीन दशकांत मात्र अंकाचे रूप पालटले. आता अंक हातात घेतला की बहुतेक पाने आकडेवारी, प्रयोग आणि कार्यकारणभाव सिद्ध करण्याच्या खटपटीने भरलेली दिसतात. विकास, श्रम, शिक्षण, विषमता, वर्तनाधारित अर्थशास्त्र आणि राजकीय संस्था हे विषय पुन्हा पुन्हा येतात. शुद्ध गणिती सिद्धांत तुलनेने कमी झाला आहे. या बदलाचा भारतीय वाचकाला मोठा लाभ झाला, कारण नव्या पद्धतीच्या अभ्यासकांना भारत हे विस्तीर्ण कार्यक्षेत्र सापडले, आणि त्यातही महाराष्ट्र अनेकदा आला.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त प्रश्न निघतात ते २००७ सालच्या ‘बालसखी’ प्रयोगावरील निबंधातून. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यातील महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या कार्यक्रमाची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कार्यक्रम कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, परीक्षा घेतली. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी वाचन आणि अंकगणिताचे पायाभूत धडे देत असे. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याचे माप) वाढले, पण कार्यक्रम सोडून वर्ष लोटल्यावर त्यातला थोडाच भाग टिकला. ही दुसरी गोष्ट लेखकांनी लपवली नाही, आणि म्हणूनच हा निबंध विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगा आहे. यशाचा आकडा सांगून थांबणारे अहवाल आपल्याकडे पुष्कळ आहेत. लाभ किती विरला तेही त्याच निबंधात मोजून मांडणारे थोडे.

तारापूरचा निबंध त्याहून वेगळा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव परिसरातील सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. त्यातील काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला विनामूल्य दिला गेला. यंत्रांची देखभाल वेळापत्रकाने करणे, दोषांची नोंद ठेवणे, गोदामातील सूत मोजून ठेवणे अशा साध्या गोष्टींमुळे पहिल्याच वर्षात उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली, असा २०१३ सालचा निष्कर्ष आहे. निबंध अत्यंत वाचनीय आहे, परंतु १७ कंपन्यांवरून संपूर्ण उद्योगाबद्दल किती बोलावे, हा प्रश्न मनात राहतो. लेखकांनी या मर्यादेचा सामना करण्यासाठी छोट्या नमुन्याला साजेशा सांख्यिकी पद्धती वापरल्या आहेत, तरीही मला समाधान अर्धेच झाले.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो धरणांवरील निबंध. एस्थर डफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ साली भारतातील मोठ्या धरणांचा हिशोब मांडला. धरणे जिथे बांधायची ते राजकारण आणि संपत्ती या दोन्हींवर अवलंबून असते, त्यामुळे धरण असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची सरळ तुलना फसवी ठरते. म्हणून त्यांनी नदीपात्राच्या उताराचा आधार घेतला, कारण धरणाला जागा सोयीची आहे की नाही हे उतारावर ठरते, पण उतार काही राजकारणाने ठरत नाही. निष्कर्ष असा की धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेतीचे उत्पादन वाढले, पावसाच्या लहरीचा धक्का सौम्य झाला आणि ग्रामीण दारिद्र्य घटले. पण जिथे धरण उभे राहिले त्या जिल्ह्यात उत्पादनात लक्षणीय वाढ झाली नाही आणि दारिद्र्य उलट वाढले. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. विस्थापितांच्या चळवळींनी जे वर्षानुवर्षे सांगितले, त्याचा जिल्हावार हिशोब या निबंधात आहे, आणि मराठीत त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता उद्धरणांकडे. इम्पॅक्ट फॅक्टरची व्याख्या सोपी आहे. आधीच्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांना चालू वर्षात मिळालेली एकूण उद्धरणे भागिले त्या निबंधांची संख्या. अर्थशास्त्रात हा आकडा दोन-तीन असला तरी चांगला मानतात. या त्रैमासिकाचा अलीकडच्या वर्षांत सातत्याने दोन आकडी आहे, आणि विषयातील सर्वोच्च आकड्यांमध्ये तो गणला जातो. पण ही सरासरी आहे, आणि दोन वर्षांत मिळून जेमतेम ऐंशी निबंध असतील तर सरासरीला हलवायला दोनच निबंध पुरतात. समजा ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर निबंधांना सरासरी आठ उद्धरणे मिळाली आणि उरलेल्या दोघांना मिळून ३३६. तर भागाकार थेट बारावर जातो, जरी जवळजवळ प्रत्येक निबंध आठच्या आसपास असला तरी. शिवाय दोन वर्षांची खिडकी अर्थशास्त्राला तोकडी पडते. या विषयातील निबंध छापून येईपर्यंतच वर्षे जातात आणि त्यावरचा वाद त्याहून सावकाश पेटतो. अकेरलॉफ यांच्या निबंधाचे मोल १९७२ साली मोजले असते तर फारसे हाती लागले नसते.

त्याहून महत्त्वाचा दोष असा की उद्धरण हे सहमतीचे असते की खंडनाचे, हे मोजणाऱ्याला कळत नाही. याचे उत्तम उदाहरण याच त्रैमासिकात आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ साली राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांना कामगारांच्या बाजूच्या किंवा मालकांच्या बाजूच्या असे गुण दिले आणि कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत उद्योगाची वाढ खुंटली असा निष्कर्ष काढला. महाराष्ट्र आणि गुजरात दोघेही कामगारांकडे झुकलेल्या गटात गेले. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आदित्य भट्टाचार्जी यांनी पुढे या गुणांकनाचीच तपासणी केली. गुजरातला कामगारधार्जिणे ठरवायला १९७३ सालची एकच, तीही किरकोळ दंडाची दुरुस्ती पुरली होती, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही मूळ निबंध भारतातील कामगार कायद्यांच्या चर्चेत आजतागायत उद्धृत होतो, आणि जो कोणी त्यातील दोष दाखवण्यासाठी त्याचे नाव घेतो त्याचेही उद्धरण त्याच निबंधाच्या खात्यात जमा होते. भट्टाचार्जी यांचे परीक्षण मात्र भारतीय नियतकालिकात आले, त्यामुळे जगभरच्या वाचकांपर्यंत ते त्या वेगाने पोहोचले नाही. निबंध वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याने एका अवघड प्रश्नाला मोजण्याजोगे रूप दिले आणि त्यामुळेच वाद शक्य झाला. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याने या दोन लेखनांपैकी एकच वाचायचे ठरवले तर उद्धरणांची संख्या त्याला चुकीच्या दाराशी नेईल.

आपल्या प्राध्यापकांसाठी हा प्रश्न केवळ वैचारिक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीने शोधनिबंधाचे गुण इम्पॅक्ट फॅक्टरशी जोडले: तो नसलेल्या नियतकालिकातील निबंधाला ५ गुण, एकपेक्षा कमी असल्यास १०, आणि दहापेक्षा जास्त असल्यास ३०. या मोजपट्टीने मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्याच्या पाणीबाजाराचा दोन वर्षे खपून केलेला अभ्यास भारतीय नियतकालिकात आला तर त्याचे गुण जवळजवळ ठरलेलेच असतात, मग त्यातील काम कितीही चोख असो. इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी मांडली ती निबंध शोधण्याच्या आणि ग्रंथालयांना नियतकालिके निवडण्याच्या सोयीतून. माणसांची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या संशोधन-मूल्यमापनाच्या जाहीरनाम्याने नियतकालिकाचा आकडा व्यक्तीच्या कामाचा निकष म्हणून वापरू नये असे स्पष्ट सांगितले, आणि ते मला पूर्णपणे पटते.

त्रैमासिकाबद्दलच्या माझ्या तक्रारीही आहेत. जेम्स हेकमन आणि सिद्धार्थ मोक्तान यांनी २०२० साली अर्थशास्त्रातील पाच अग्रगण्य नियतकालिकांच्या (हे त्रैमासिक त्यांपैकीच एक) वर्चस्वावर सविस्तर लिहिले, आणि नियतकालिक जिथून निघते तिथल्या विद्यापीठाशी संबंधित लेखकांना तिथे अधिक जागा मिळते या प्रश्नाकडेही लक्ष वेधले. हार्वर्ड आणि शेजारच्या एमआयटीची नावे या अंकांत किती वेळा येतात हे नियमित वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. भारतावरचे निबंध भरपूर, पण भारतात राहून काम करणारा लेखक विरळा. दुसरी तक्रार लांबीची. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी २०१३ साली दाखवले की पाच अग्रगण्य नियतकालिकांतील निबंध १९७० च्या तुलनेत सुमारे तिप्पट लांब झाले आहेत आणि स्वीकृतीचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले आहे. आजचा निबंध पन्नास पानांचा आणि वर परिशिष्टे तेवढीच. सोलोंचा निबंध एका संध्याकाळी वाचून होत असे.

मिळवण्याच्या बाबतीत परिस्थिती सुधारली आहे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक देश, एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा समावेश असल्याने सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना या त्रैमासिकापर्यंत पोहोचणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. योजनेबाहेरच्या महाविद्यालयांतील वाचकांनी लेखकांच्या संकेतस्थळांवरील पूर्वप्रती शोधाव्यात. बहुतेक निबंधांच्या त्या सापडतात. अलीकडच्या निबंधांची आकडेवारी आणि संगणकीय आज्ञावली हार्वर्डच्या डेटाव्हर्स या खुल्या संग्रहात ठेवली जाते, आणि माझ्या दृष्टीने त्रैमासिकाची आजची सर्वांत उपयोगी सेवा हीच आहे, कारण ती उघडली की विद्यार्थ्याला निष्कर्षाची तक्तेनिहाय उजळणी स्वतः करता येते.

नव्या वाचकाने ताज्या अंकापासून सुरुवात करू नये. आधी धरणांचा निबंध घ्यावा, शेजारी आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडावा, आणि आपला तालुका धरणाच्या वरच्या अंगाला येतो की खालच्या, ते पाहून मगच तक्ते वाचायला बसावे.