नगर-बीड रेल्वे: सहा-सात महिने बसून झाल्यावर

मी कड्याचा. तालुका आष्टी, जिल्हा बीड, पण दवाखाना, बाजारहाट, सोयरीक सगळं नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात बसलंय नगरच). आमच्याकडं गाडी 2022 पासून आहे, तेव्हा आष्टीपर्यंतच यायची, 17 सप्टेंबर 2025 ला मुक्तिसंग्राम दिनाला ती बीडला पोचली आणि तेव्हापासून महिन्यातनं दोन-तीनदा तरी मी बसतोच. 1995 ला मंजूर झालेली लाईन. गोपीनाथ मुंडेंच्या सभेहून आले की वडील म्हणायचे आता रेल्वे येणार बघ, वडील गेले तरी आली नव्हती.

चांगलं आधी सांगतो. नगर ते बीड तिकीट पन्नासच्या आत, डेमूला (डिझेलवरची साधी लोकल गाडी) गर्दी बेताची, पाय पसरून बसता येतं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या अंमळनेरच्या पुढं बालाघाटाचे बोडके डोंगर आणि उंच पूल लागतात, तिथं म्हातारी माणसं पण खिडकीला येतात.

पण वेळापत्रक! गाडी नगरहून सकाळी 6.55 ला निघून बीडला 12.30 ला, आणि 1 ला परत. म्हणजे जिल्ह्याच्या गावी आम्हाला अर्धा तास. जानेवारीत एका ऑफिसात कागद द्यायचा होता म्हणून हौसेनं रेल्वेनं गेलो, स्टेशनवरनं रिक्षा करून पोचलो तर साहेब जेवायला, ते येऊन शिक्का मारेपर्यंत गाडी कधीच गेलेली, मग काय, एसटीनं रात्री घरी. बरं नगरला जावं तर तिथं पोचायला 6.30, तोवर ओपीडी बंद. आईला दाखवायला म्हणून एकदाही ही गाडी कामी आली नाही, आणि एसटीत तिला 75 च्या पुढं म्हणून फुकट आहे, बायकांना हाफ तिकीट, त्यामुळं घरातल्या बाया तर रेल्वेचं नावच काढत नाहीत. साधारण 167 किलोमीटरला साडेपाच तास लागतात हे पण आहेच, पण खरं सांगू, वेळ नीट असती तर त्याचं काही वाटलं नसतं.

मला एकच उपयोग सापडलाय. पोरगा पुण्याला शिकतो, संध्याकाळी नगरला उतरून पुढची गाडी धरली की झालं, डब्याची पिशवी, ज्वारीचं पीठ सगळं आरामात जातं.

परळीपर्यंत झाली की 261 किलोमीटरची पूर्ण लाईन होणार, तिकडं काम चालू आहे. तोवर सकाळी बीडहून नगरकडं एक गाडी सोडली तरी अर्धा तालुका दुवा देईल. माझ्याकडनं आत्ता पाचपैकी अडीच.

आणि हो, रविवारी गाडी नसते. मी दोन पिशव्या घेऊन तासभर बसलो होतो प्लॅटफॉर्मवर, शेवटी शेरडं चारणाऱ्या एका पोरानं सांगितलं.