वडिलांच्या कॅसेटी कुणाच्या हवाली करायच्या? घर, विद्यापीठ, गुरुग्राम की इंटरनेट

गेल्या महिन्यात राधानगरी तालुक्यातल्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांच्या चुलत्यांनी चाळीस वर्षांपूर्वी गोंधळी, जोगती आणि धनगरांची गाणी टेपवर उतरवून ठेवली होती. साठेक कॅसेटी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत आणि आता घर पाडून नवं बांधायचं आहे. "ताई, तुम्ही तुमच्या वडिलांच्या कॅसेटींचं केलंत, तसं आम्ही कुठं द्यावं सांगा." माझ्याकडच्या ८२ कॅसेटींचा मार्ग लागायला मला तीन वर्षं लागली. फोनवर दहा मिनिटांत ते सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पहिला विचार घरीच ठेवायचा येतो. त्यात चूक काही नाही, फक्त कोल्हापूरचा पाऊस लक्षात घ्या. चार महिने हवा ओली असते, आणि पेटी उघडली की फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. अशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघायची नाही, कारण बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींवर जाते. पुराचाही विचार करा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की शहरातल्या सखल भागातले लोक सामान वर चढवायला लागतात. २०१९ आणि २०२१ मध्ये चढवायला वेळही पुरला नाही. आमची पेटी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

घरी ठेवणारे लोक बहुधा "डिजिटल करून घेतो" म्हणतात. मीही म्हटलं होतं. पहिल्या बारा कॅसेटी मी एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे दिल्या. त्याने आवाज "साफ" करून एमपीथ्री दिले. सुरुवातीची खरखर गेली आणि तिच्याबरोबर तुणतुण्याची तारही गेली. गोंधळात तुणतुणं काढलं तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच काढल्यासारखं होतं. सुदैवाने मूळ फिती परत मिळाल्या. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची शिफारस आहे आवाजाचा दर्जा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे एमपीथ्रीसारखा आवाज न दाबणारी. किमान ४८ किलोहर्ट्झ तरी हवं. साफसफाई काही करायची असेल ती वेगळ्या प्रतीवर, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. हिशेब अवघड नाही: त्या दर्जाचा एक तास म्हणजे साधारण २ जीबी. माझ्या ९० मिनिटांच्या ८२ कॅसेटींचे १२३ तास अडीचशे जीबीत बसले. हे सगळं कोणत्याही साध्या हार्डडिस्कवर मावतं. मात्र डिस्क दोन घ्या आणि दुसरी दुसऱ्या गावी ठेवा. घराची अडचण जागेची नाही. माझ्यानंतर ती पेटी कोण उघडणार, ही खरी अडचण आहे.

म्हणून संस्था. जवळची म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ. १९६२ पासून आहे, संगीत आणि नाट्याचा विभाग आहे, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. जवळच्या संस्थेचा मोठा फायदा असा की ज्याच्या आजोबांचा आवाज फितीत आहे तो माणूस एसटीने येऊन ऐकून जाऊ शकतो, आणि ऐकवणाऱ्याला हलगी-घुमकं-कैताळ ही वाद्यं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण कुठल्याही स्थानिक संस्थेला देताना तीन गोष्टी लेखी विचारा. फिती थंड, कोरड्या खोलीत राहतील का? कुणी ऐकायचं, कुणी छापायचं, हे ठरवणारा करार होईल का? आज उत्साहाने घेणारे सर निवृत्त झाल्यावर ही जबाबदारी कोणाच्या नावावर असेल? उत्तरं तोंडी मिळाली तर पेटी घरीच ठेवा.

आता गुरुग्राम. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचं आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी, म्हणजे लोकांच्या संगीतपरंपरांचा संग्रह आणि अभ्यास करणारं केंद्र, तिथं आहे. १९८२ साली संगीताचे अभ्यासक नाझीर जयराझभॉय यांनी ते सुरू केलं. आधी ते पुण्यात होतं, अशोक रानडे यांचंही त्यात काम होतं, मग ते दिल्लीकडे गेलं. सुरू करण्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. परदेशी अभ्यासक इथं येऊन ध्वनिमुद्रणं करत आणि फिती आपल्या देशात घेऊन जात. इथल्या माणसाला ते ऐकायचं तर लंडन गाठावं लागे. जयराझभॉय यांचे गुरू आर्नोल्ड बाके यांनी १९२०च्या दशकापासून भारतात ध्वनिमुद्रण केलं. १९८४ मध्ये जयराझभॉय आणि एमी कॅटलिन त्याच गावांत परत गेले, जुनं ऐकवलं, नवं ऐकलं. हे परत जाणं मला कुठल्याही वातानुकूलित खोलीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तिथं पैसे मिळत नाहीत, ती अपेक्षा धरू नका. देणाऱ्याशी करार होतो. अभ्यासकाने संस्थेत बसून ऐकणं वेगळं आणि ते प्रसिद्ध करणं वेगळं; प्रसिद्धीला देणाऱ्याची परवानगी लागते. अंतर मात्र खरंच लांब आहे. मी कुरिअरवर भरवसा न ठेवता कोल्हापूरहून निजामुद्दीन एक्स्प्रेसने पेटी सीटखाली ठेवून नेली. इथला गोंधळी तिथं जाऊन बसणार नाही, हे उघड आहे. म्हणून तिथं द्यायचं ठरवलं तर प्रत कोल्हापुरात राहिलीच पाहिजे. माझा तेवढा एकच हट्ट होता.

चौथा पर्याय तरुण मुलं लगेच सुचवतात: इंटरनेट आर्काइव्हवर टाका, फुकट आहे, जगाला ऐकू येईल. खरं आहे. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काही हजार ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या बायकांच्या नावानिशी, गावानिशी ऐकता येतात. ती नावं आहेत म्हणूनच ते काम एवढं मोठं आहे. नुसत्या फाइली चढवल्या असत्या तर ओवी राहिली असती, पण बाई हरवली असती. शिवाय इंटरनेट म्हणजे कायमचं, असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथले ध्वनिसंग्रह ऑनलाइन ऐकता येईनासे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद पडलं होतं.

गुरुग्राम आणि इंटरनेट यांत खरा फरक परवानगीचा आहे. एकदा खुलं केलेलं गाणं मागे घेता येत नाही. कायद्यानेही गायक-वादकाला स्वतःचा हक्क आहे: १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने तो स्वतंत्रपणे आला आणि आज त्याची मुदत गायन झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं आहे. टेपरेकॉर्डर तुमच्या वडिलांचा होता म्हणून गळाही त्यांचा होत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्यांपुढची हलगी किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेतले धनगरी ढोल चारचौघांत, उघड्या माळावर वाजलेत. ते खुले करायला मला काही वाटत नाही. घरात, देव्हाऱ्यापुढे, जागराच्या रात्री गायलेलं वेगळं. माझं मत असं की सगळ्या पेटीला एकच जागा शोधण्यात आपण उगाच अडकतो. प्रत्येक कॅसेटीचा, कधी कधी प्रत्येक बाजूचा, निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

आणि त्यासाठी वही लागते. वडिलांची वही नसती तर मला यातलं काहीच ठरवता आलं नसतं. गाव, तारीख, कुणाच्या घरचं लग्न, गोंधळी रेणुराई की कदमराई (या त्यांच्या पोटजाती), संबळावर कोण, तुणतुण्यावर कोण, दिवटी कुणाच्या हातात. गोंधळाला क्रम असतो: आधी चौक मांडतात, मग देवांना नावं घेऊन आवतण, मग आख्यान, शेवटी आरती. कॅसेटींचे नंबर चुकले तर आरती आधी आणि आवतण नंतर, असा गोंधळ कुणाच्याही घरी होत नाही. तुमच्याकडे वही नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून ऐकवा आणि त्यांचं बोलणंही रेकॉर्ड करा. हे काम संस्था शोधण्याच्या आधीचं, आणि त्याला उशीर परवडणारा नाही.

वहीत ३७ नंबरला एका जोगतिणीचं नाव होतं. ती गेली, नात गावातच आहे. मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले. जोगतिणींचं चौंडकं वाजायला लागलं आणि ती जागची उठून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आईचाच आवाज हाय ह्यो." आजीला ती आईच म्हणायची. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर तिने सरळ वाटणी केली: सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरची गाणी सगळ्यांनी ऐकावीत, परडी भरतानाची नको, ती देवीची. त्याप्रमाणे ३७ नंबरची अ बाजू खुली आहे. ब बाजूची फाइल गुरुग्रामला आहे, पण तिच्यासाठी नातीला विचारल्याशिवाय कुणालाही ऐकवायची नाही असं करारात लिहून घेतलं. एक प्रत पेनड्राइव्हवर घालून मी तिच्या हातात दिली. तिने ती आजीच्या परडीत ठेवली.

राधानगरीच्या गुरुजींनी घर पाडायच्या आधी पेटी माळ्यावरून खाली घ्यावी, कोरड्या सुती फडक्यावर कॅसेटी उभ्या मांडाव्यात आणि प्रत्येकीवरचं अक्षर जसंच्या तसं उतरवून घ्यावं. बुरशी दिसेल त्या बाजूला काढून ठेवाव्यात. पाऊस ओसरला की मी येते.